कलखापरी म्हणजेच झिंक कार्बोनेट का?

प्रश्न (सांगली): आमच्या पणजोबांच्या वैद्यकीच्या वहीत डोळ्यांच्या अंजनासाठी ‘शोधलेली’ (म्हणजे शुद्ध केलेली) कलखापरी सांगितली आहे, आणि कुपवाडला रबरी वस्तू बनवणाऱ्या माझ्या भावाकडे येणाऱ्या पोत्यांवर ‘झिंक कार्बोनेट’ असे छापलेले असते. भाषांतरात दुसऱ्यासाठी पहिला शब्द वापरला तर चालेल का?

उत्तर (सातारा): माझ्या मते वापरू नये. कलखापरी, म्हणजे संस्कृतातील खर्पर किंवा रसक, हे जस्ताच्या दगडाचे नाव आहे. तांबे आणि कोळसा यांच्याबरोबर हा दगड तापवला की पिवळे पितळ बनते, अशा गुणावरून तो ओळखला जाई. त्यामुळे एकाच नावाखाली निरनिराळी खनिजे नांदत. युरोपात जस्ताच्या अशाच दगडाला ‘कॅलामाइन’ म्हणत, त्याची गत तीच होती. रसायनशास्त्रज्ञ जेम्स स्मिथसन यांनी १८०२ मध्ये पृथक्करण करून त्यातील कार्बोनेट आणि सिलिकेट वेगळी असल्याचे दाखवले, आणि १८३२ मध्ये कार्बोनेटाला ‘स्मिथसोनाइट’ हे नाव मिळाले. शुद्ध स्मिथसोनाइटात वजनाने सुमारे ५२ टक्के जस्त असते.

आपल्या भावाकडील पांढरी भुकटी मात्र खाणीतून आलेली नसून कारखान्यात तयार केलेली असते आणि तिच्यात बहुधा जस्ताचे हायड्रॉक्साइडही असते. गंधकाने रबर पक्के करताना ती त्या क्रियेला चालना देते. पारदर्शक रबरासाठी तिला विशेष पसंती असते, कारण झिंक ऑक्साइडाइतका धूसरपणा ती आणत नाही. सिरॅमिकच्या झिलईत आणि जनावरांच्या खाद्यातही ती वापरतात.

हाच पदार्थ आपल्या छपरावरही असतो. नव्या जस्ती पत्र्याची चकाकी काही पावसाळ्यांत जाऊन जो राखाडी, घट्ट थर बसतो, तो हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांनी जस्तावर धरलेला कार्बोनेटाचा थर होय. तो पत्र्याचे रक्षण करतो, म्हणून तो खरवडून काढू नये. त्याला कलखापरी म्हणता येईल का, असे स्वतःला विचारले की फरक लगेच ध्यानात येतो.

म्हणून वहीतील कलखापरी तशीच ठेवावी, खनिजाला स्मिथसोनाइट आणि पोत्यातील भुकटीला ‘जस्त कार्बोनेट’ म्हणावे. ‘कॅलामाइन’चे भाषांतर करताना तर अधिकच सांभाळावे, कारण औषधाच्या दुकानातील त्या गुलाबी लोशनात कोठे जस्ताचे कार्बोनेट, तर कोठे ऑक्साइड असते, गुलाबी रंग दोन्हीकडे लोहाच्या ऑक्साइडाचा असतो.