कोल्हापुरात घरी बसून कॉन्ट्रॅक्टवर काम: रेट चांगला मिळतो का? अनुभव लिहा

मंडळी, हा धागा मुद्दाम काढतोय. शिकून पुण्याला गेलेली आपली बरीच पोरं आता परत यायचं बघतायत, कुणाचे आईवडील थकलेत, कुणाला तिकडचं भाडं परवडत नाही, आणि सगळे एकच विचारतात, नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टवर घरून काम केलं तर भागतंय का? मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, राजारामपुरीत घर, क्लायंट इंग्लंडचा. माझं सरळ उत्तर, भागतंय, चांगलं भागतंय. पण "तुम्ही कोल्हापुरात राहताय, तुम्हाला खर्च कमी, मग रेट कमी करा" हे एकदा ऐकून घेतलं की पुढचा प्रत्येक क्लायंट तिथूनच बोलायला सुरुवात करतो.

हिशोब कुठे चुकतो सांगतो. पगार समजा ६० हजार, महिन्याचे तास १६०, म्हणजे तासाला ३७५, चला ४०० सांगूया, असं पोरं करतात. अरे पण १६० तासांचं बिल कधीच होत नाही. नवीन काम शोधणं, मेल, मीटिंगा, दोन कामांच्या मधला रिकामा काळ, आजारपण, गणपती. बिल लावता येतात असे १०० तास धरा, मग नुसता पगार भरून काढायलाच ६०० पाहिजेत. त्यात पीएफ नाही, भरपगारी सुट्टी नाही, मेडिक्लेम स्वतःचा, लॅपटॉप स्वतःचा. म्हणजे ७५० च्या खाली बोलूच नका. तुमचे अनुभव लिहा, वाईट असले तरी लिहा, रेट लिहिलात तर फारच उपयोग होईल.

पॅटर्नवाला
मी कास्टिंगची, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेल्या भागांची, ड्रॉइंग आणि थ्रीडी मॉडेल करतो. आधी शिरोलीत एका कारखान्यात होतो. नोकरी सुटल्यावर उद्यमनगरातल्या कारखान्यांची कामं घेतली, ड्रॉइंगमागे पैसे. खरं सांगायचं तर लोकल कामात रेट वाढत नाही, शेजारचा पन्नास रुपये कमी घेतो म्हणून काम तिकडं जातंय. रेट वाढला तो बाहेरची कामं घ्यायला लागल्यावर, आणि वाढला का, तर मी फौंड्रीत, धातू ओतायच्या कारखान्यात, उभा राहिलेला माणूस आहे म्हणून. कोअर (आतली पोकळी ठेवणारा साचा) कुठं बसणार, रायझर (जादा धातूचा साठा) कुठं द्यायचा, मशिनिंगला किती मटेरियल ठेवायचं, हे ड्रॉइंग पाठवतानाच मी लिहून देतो. एकदा पंप बॉडीचं मॉडेल आलं होतं, एका कोपऱ्यात जाडी अचानक वाढत होती, तिथं श्रिंकेज येणार, म्हणजे धातू थंड होताना आकसून दोष राहणार, हे दिसतच होतं. मी दुरुस्ती सुचवली, क्लायंटचा पॅटर्नचा (साचा घ्यायच्या नमुन्याचा) खर्च वाचला. त्यानंतर त्यानं तासाचा रेट कधी कमी कर म्हटलं नाही. तेव्हा नुसतं सॉफ्टवेअर येतंय म्हणून रेट मागू नका, कामातलं येतंय ते दाखवा.

आणि शंभर टक्के घरी बसून होत नाही हां. आठवड्यातनं एखादी चक्कर पॅटर्न शॉपला मारतोच, त्याशिवाय नवीन शिकायला मिळत नाही.

पेमेंटचं सांगतो, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. वर आता पैसे वेळेत दिले नाहीत तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच इन्कम टॅक्समध्ये धरता येतो. बिलावर उद्यम नंबर छापायला लागल्यापासून अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात.

सानेगुरुजी वसाहत
माझं काम अकाउंट्सचं, बाहेरच्या दोन-तीन छोट्या कंपन्यांची पुस्तकं लिहिते. सुरुवात एका एजन्सीमार्फत केली, ते क्लायंटकडून किती घेतात हे कधी कळू दिलं नाही, मला मिळायचे तासाला १८०. आता थेट काम आहे, साडेपाचशे. काम तेच, एक्सेल शीट तीच. मधला माणूस गेल्याशिवाय रेट नाही.

पण बायकांचा वेगळा त्रास आहे तो लिहितेच. घरी आहे म्हणजे मोकळी आहे असं सगळे धरून चालतात. गॅसवाला येईल तेवढं बघ, मावशी येणार आहेत जेवायला, पोराला शाळेतनं आण. सासूबाईंना मी एकदा शेजारी बसवून महिन्याचं बिल कसं बनतं ते दाखवलं, की हा तास गेला की एवढे रुपये गेले. त्या दिवसापासून दुपारी दोन ते सहा दार त्याच सांभाळतात. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

बिलातून १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला इन्कम टॅक्स) कापतात तो नंतर परत मिळू शकतो, पण कापलाय आणि भरलाय का हे इन्कम टॅक्सच्या वेबसाइटवर तपासत जा.

शाहूपुरीकर
२०१९ च्या ऑगस्टचा महापूर आठवतोय ना? लाइट नाही, नेट नाही, हायवे बंद. तेव्हा माझा डिझाइनचा प्रोजेक्ट चालू होता. २०२१ ला परत तेच. आता पंचगंगेची पातळी इशाऱ्याकडे जायला लागली की मी क्लायंटला आधीच मेल करतो, फाइल क्लाउडवर, बॅग भरून उंचावर बहिणीकडे. करारात पण एक ओळ घालून घेतलीय, नैसर्गिक आपत्तीत मुदत पुढे जाईल, दंड नाही. इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट याला पर्याय नाही भावांनो.

गडहिंग्लज
मला नाही जमलं. पुण्यातल्या एका मध्यस्थ कंपनीनं तीन महिन्यांचं बिल थकवलं, त्यात घराचं लोन काढायला गेलो तर बँकेनं मागच्या वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न मागितली, माझ्याकडे एकाच वर्षाचं. परत नोकरी धरली. ज्यांना लोन काढायचंय त्यांनी ते नोकरीत असतानाच काढा.

कसबा बावडा
परदेशी क्लायंट असेल तर जीएसटीचं काय? आणि रात्री जागावं लागतं का?

धागाकर्ता
सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी (जीएसटीचं हमीपत्र) भरायचं, मग परदेशी बिलावर कर न भरता काम चालतं. पैसे आल्याचं बँकेचं प्रमाणपत्र जपून ठेवा. बाकी सीएला विचारा, त्याची फी वसूल होते.

जागरणाचं म्हणाल तर इंग्लंड बरं. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे दीड, थंडीत अडीच. सकाळ आपली, संध्याकाळी थोडा उशीर. अमेरिकेला मात्र रात्र जाते, त्याचा रेट वेगळा लावा, आणि तो आधी सांगा.

गडहिंग्लजवाले, थकलेल्या बिलाचे मेल आहेत का अजून? असतील तर उद्यमच्या मुद्द्यावर पॅटर्नवाल्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बिलं देताना तुमची नोंदणी होती की नाही ते आधी बघावं लागेल.