मदत हवी आहे: दारू पिऊन बेशुद्ध पडलेल्याला दवाखाना नाकारू शकतो का?

परवा रात्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गृहस्थ निपचित पडले होते. दारूचा भपकारा येत होता, हाक मारली तर नुसतं कण्हणं. उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून त्यांना कुशीवर वळवलं आणि रिक्षाने जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथे उत्तर मिळालं, "बेवडा आहे, आधी पोलिसांना कळवा, नातेवाईक आणा." शेवटी १०८ ला फोन केला. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी आधी रक्तातली साखर तपासली; साखर घसरली तरी माणूस झिंगल्यासारखाच दिसतो म्हणे! (आम्ही बघे मात्र दारूवर शिक्का मारून मोकळे.)

परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आधी जीव वाचवा, पोलिसी सोपस्कार नंतर. मग हे दारू प्यायलेल्यालाही लागू ना? मोटार वाहन कायद्याचं १३४अ कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, पण ते रस्ते अपघातापुरतं. माझ्यासारख्याचं काय? शिवाय दारूबंदी कायद्याच्या ८५ कलमाखाली त्या माणसावरच केस होईल या भीतीने लोक फोनच करत नाहीत.

कुणी वकील किंवा कॅज्युअल्टीत काम केलेलं आहे का इथे? दवाखान्याच्या काउंटरवर नेमकं काय बोलायचं, आणि तक्रार कुठे करायची?