मदत हवी आहे: नव्या गाडीच्या कोटेशनमधले जादाचे पैसे कसे काढायचे? (सांगली)

पेट्रोल मॅन्युअल, 1197 सीसी. जाहिरातीत एक्स-शोरूम (टॅक्स, इन्शुरन्स सोडून गाडीची किंमत) 8,49,000, कोटेशनवर ऑनरोड 10,32,340. रोड टॅक्स 11 टक्क्यांनी 93,390, पासिंग आणि बोजा (आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद) मिळून 2,300, फास्टॅग 600. इथवर तक्रार नाही.

पुढचं खटकतंय. इन्शुरन्स 47,800. एक वर्ष ओन डॅमेज (आपल्या गाडीचं नुकसान), तीन वर्षं थर्ड पार्टी (दुसऱ्याचं नुकसान), झिरो डेप (क्लेममध्ये पार्टची घट न कापणारं कव्हर), आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सगळं तेच ठेवून बाहेर 34,200 ला मिळतो. बेसिक किट 16,500, पण त्यात काय ते लिहिलेलं नाही. विचारल्यावर मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बीडिंग असं तोंडी सांगतात. एक्स्टेंडेड वॉरंटी 13,900. शेवटी पेनाने नुसतं ‘हँडलिंग 8,850’, म्हणजे 7,500 वर 18 टक्के जीएसटी धरलाय. गाडी यार्डातून शोरूमला आणायचा खर्च ग्राहकाने वेगळा का द्यायचा?

हँडलिंग काढा म्हटलं तर ‘मग किटवरचं डिस्काउंट जाईल’. बाहेरचा इन्शुरन्स म्हटलं तर ‘पासिंग लांबेल’. लेखी द्या म्हटलं की विषय बदलतात. कंपनीला मेल केलाय, फक्त तक्रार क्रमांक आला.

बुकिंगचे 11,000 भरलेत. कर्ज मंजूर आहे, पण बँक एक्स-शोरूमवरच देते, त्यामुळे वरचे सगळे रोख. पासिंग एमएच-10 लाच (सांगली आरटीओ) हवं. कोल्हापूर किंवा कराडहून घ्यायची तयारी आहे.

गेल्या सहा महिन्यांत कुणी बाहेरचा इन्शुरन्स देऊन, किट आणि हँडलिंग न भरता डिलिव्हरी घेतली आहे का? पॉलिसी नेमकी कधी द्यायची, चेसिस नंबर मिळाल्यावर की बिल झाल्यावर? आणि एवढ्यावरून बुकिंग रद्द केलं तर 11,000 पूर्ण परत मिळतात का?