बाबांना हृदयाच्या गोळ्या दोनदा दिल्या गेल्या. तुम्ही हिशोब कसा ठेवता?

नमस्कार मंडळी,

बाबा ७६ वर्षांचे. एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे ठोके मधूनच बेताल होतात. सकाळी ठोके ताब्यात ठेवायला मेटोप्रोलॉल आणि अ‍ॅमिओडारोन, शिवाय रक्त पातळ ठेवायला अपिक्साबान सकाळ-संध्याकाळ.

मंगळवारी आईने गोळ्या दिल्या आणि ती आंघोळीला गेली. मी उठून बाबांना विचारलं, "घेतल्या का?" म्हणाले, "आठवत नाही, दे." मी दिल्या. दहा मिनिटांनी आई बाहेर आली आणि घोटाळा कळला.

लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दर तासाला नाडी आणि बीपी मोजायला सांगितलं. भोवळ आली, धाप लागली किंवा नाडी ५० च्या खाली गेली तर थेट इमर्जन्सीत. संध्याकाळच्या गोळीचं काय करायचं तेही त्यांनीच ठरवलं. नाडी ५२ पर्यंत उतरली, रात्री ६४ वर आली. बाबा निवांत, आमचाच जीव टांगणीला.

कप्प्यांचा डबा घरात आहे, पण तो कधी आई भरते, कधी मी, कधी कोणीच नाही. तुम्ही काय करता? आणि घेतली की नाही हेच आठवत नसेल तर?

प्रतिसाद १
आमच्या डॉक्टरांचा नियम: शंका आली तर 'घेतली' असं धरायचं. एखादा डोस चुकणं सहसा दुप्पट डोसपेक्षा परवडतं. पण सगळ्या गोळ्या एकाच मापाने मोजू नका. अ‍ॅमिओडारोन शरीरात कित्येक आठवडे टिकून राहतं, एका दिवसाने फारसं बिघडत नाही. अपिक्साबानचा असर मात्र लवकर ओसरतो, सारखी चुकली तर गुठळीचा धोका. फ्लेकेनाइड, सोटालॉल किंवा डिगॉक्सिन या ठोक्यांवरच्याच दुसऱ्या गोळ्यांचा जादा डोस तर अजिबात अंगावर काढायचा नाही, त्याने ठोके उलट जास्त बिघडू शकतात. पुढच्या भेटीत प्रत्येक गोळीसमोर 'चुकली तर काय, दोनदा गेली तर काय' हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

प्रतिसाद २
मी औषधांच्या दुकानात काम करते. आमच्याकडे दिसणारा डबल डोस बहुतेक वेळा विसरण्यातून होतच नाही, नावातून होतो. डिस्चार्जच्या वेळी तेच औषध दुसऱ्या ब्रँडने लिहिलेलं असतं, घरी जुनी स्ट्रिप असतेच, आणि पेशंट दोन्ही घेतो. मोठ्या अक्षरांतलं नाव सोडा, खालचं बारीक नाव, म्हणजे मूळ औषधाचं, वाचा. आणखी एक: अ‍ॅमिओडारोनसोबत डिगॉक्सिन असेल तर डिगॉक्सिनची रक्तातली पातळी वाढते, म्हणून डॉक्टर त्याचा डोस बऱ्याचदा निम्मा करतात. मळमळ, भूक मरणं, पिवळसर दिसणं यातलं काही जाणवलं तर लगेच कळवा.

प्रतिसाद ३
मोबाइलच्या गजरावर विसंबू नका. माझे काका गजर बंद करायचे आणि गोळी राहून जायची. डबा एकाच माणसाने, ठरलेल्या वारी भरायचा. गोळी फक्त त्या डब्यातूनच, स्ट्रिपमधून कधीच नाही. कप्पा रिकामा म्हणजे गोळी पोटात. विषय संपला.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. डबा आता रविवारी मीच भरतो, आई फक्त देते, आणि कागदावर खूण बाबा स्वतः करतात. ("मी काय बालवाडीत आहे का?" असं विचारून झालं. खूण मात्र न चुकता करतात.)

ताई, तुमचं वाचून औषधांचा खण उपसला. मेटोप्रोलॉलच्या दोन स्ट्रिप निघाल्या, एक २५ ची, एक ५० ची. कंपनी तीच, रंगही तोच. ५० ची डॉक्टरांनी मागेच बंद केली होती. मंगळवारी मी नेमकी कुठली दिली, ते आता सांगता येत नाही. उद्या दोन्ही स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जातोय.