५.१ ध्वनिसंचासाठी डीटीएच, केबल की ब्रॉडबँड?

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या सदनिकेचे नूतनीकरण चालू असून बारा बाय सोळा फुटांची एक खोली होम थिएटरसाठी राखून ठेवली आहे. ६५ इंची फोर-के टीव्ही, पाच स्पीकर, एक सबवूफर आणि या सर्वांना ध्वनी वाटून देणारा एव्ही रिसीव्हर एवढे ठरले आहे. टीव्हीची सेवा मात्र अजून ठरत नाही. आई-बाबांना संध्याकाळच्या मराठी मालिका हव्या असतात, मुलगा क्रिकेट सोडत नाही, आणि मला व पत्नीला शनिवार-रविवारी सिनेमे पाहायचे असतात. सध्या सोसायटीतील केबल आहे आणि तिचे चित्र मोठ्या पडद्यावर धूसर दिसते. डीटीएचची एचडी जोडणी घ्यावी, की केवळ ब्रॉडबँडवर विसंबून ओटीटीच ठेवावे? पुढच्या आठवड्यात भिंतींना गिलावा होणार आहे, त्यामुळे वायरिंगबद्दलही सांगावे.

बावधनचा श्रोता

आपण ध्वनिसंचावर एवढा खर्च करत आहात, म्हणून आधी ध्वनीबद्दल लिहितो, कारण सेवा निवडताना सगळे चित्राचीच चौकशी करतात. दैनंदिन मालिकांचा ध्वनी मुळातच दोन चॅनेलचा, म्हणजे स्टिरिओ असतो; तो पाच स्पीकरमधून ऐकू आला तरी ती रिसीव्हरची करामत असते. काही एचडी वाहिन्या डॉल्बी डिजिटल ५.१ देतात, पण सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये ध्वनी पुष्कळदा स्टिरिओवर ठेवलेला असतो आणि बसवायला आलेला मुलगा तो बदलत नाही. बॉक्स आल्याबरोबर तिथे डॉल्बी किंवा बिटस्ट्रीम निवडावे आणि रिसीव्हरच्या पडद्यावर 'डॉल्बी डिजिटल' अशी अक्षरे उमटतात की नाही, हे बसवणाऱ्यासमोरच पाहून घ्यावे.

सिनेमांसाठी ओटीटीच उजवे आहे. तिथला ध्वनी डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो, त्यातच अ‍ॅटमॉसही (डोक्यावरूनही ध्वनी आल्याचा भास देणारा) येऊ शकतो, आणि टीव्हीवरून रिसीव्हरकडे तो साध्या एआरसी (एचडीएमआय वायरीतूनच ध्वनी परत पाठवणाऱ्या) जोडणीनेही पोहोचतो. ऑप्टिकल केबलने मात्र डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, त्यामुळे तो पर्याय विसरून जावा. ईएआरसीची (एआरसीच्या सुधारित आवृत्तीची) खरी गरज ब्ल्यू-रेवरील ट्रू-एचडीसारख्या अविकृत ध्वनीला लागते. रिसीव्हर जुना घेणार असाल तर त्याला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी प्रणाली) आहे का ते आवर्जून तपासावे, कारण ते नसल्यास त्याच्यातून जाणारे फोर-के चित्र एक तर खालच्या दर्जावर येते किंवा दिसतच नाही.

वेगाची चिंता फारशी करू नये. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते आणि पुण्यातील साध्या फायबर योजनाही त्याहून अधिक देतात. योजना मात्र बघून घ्यावी लागते, कारण नेटफ्लिक्सवर फोर-के फक्त प्रीमियम योजनेतच मिळते. माझे मत विचाराल तर ब्रॉडबँड मुख्य ठेवावे आणि डीटीएचची एक माफक जोडणी आई-बाबांसाठी घ्यावी.

सिंहगड रस्ता

वरील मताशी बव्हंशी सहमत आहे, पण डीटीएच केवळ आई-बाबांपुरते मानणे मला पटत नाही. क्रिकेटचे थेट प्रक्षेपण ओटीटीवर डिशपेक्षा बरेच मागे चालते, आणि शेजारच्या घरात विकेटचा जल्लोष झाल्यावर आपल्या पडद्यावर गोलंदाज धावायला सुरुवात करतो, हे ज्याला सोसते त्यानेच सामने ओटीटीवर पाहावेत. आपल्या मुलाला ते सोसणार नाही असे वाटते. डिशवरही काही सेकंदांचा उशीर असतोच, परंतु आपल्याकडे जास्त घरांत डिश किंवा केबलच असल्याने सगळे एकाच वेळी ओरडतात.

कंपनी निवडण्याआधी गच्चीवर जाऊन आकाश पाहावे. या सेवांचे उपग्रह पुण्याच्या आग्नेयेला आहेत, पण एका जागी नाहीत: टाटा प्ले ८३ अंश पूर्व रेखांशावर, डी२एच ८८ वर, डिश टीव्ही ९५ वर आणि एअरटेल १०८.२ वर. पुण्यातून ८३ अंशांवरचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६६ अंश उंच दिसतो, तर १०८ वरचा ४५ अंशांच्या आसपास आणि बराच पूर्वेकडे. पूर्वेला वीस मीटरवर आपल्या गच्चीपेक्षा वीस मीटरहून उंच इमारत असेल, तर एअरटेलची डिश लावून उपयोग नाही. कोथरूडमध्ये जुन्या चार मजली इमारती पाडून बारा मजली उभ्या राहत आहेत, तेव्हा शेजारच्या भूखंडावर काय येणार आहे याचीही विचारपूस करावी.

पावसाचे म्हणाल तर जुलैच्या भुरभुरीने फारसे काही होत नाही; सिग्नल जातो तो मे महिन्यातील वळवात आणि परतीच्या पावसात. डीटीएचच्या केयू बँडच्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटरच्या असतात आणि मोठ्या थेंबांचा दाट पाऊस त्या शोषून घेतो. डिश मोठी असली तर व्यत्यय कमी काळ टिकतो. ती बाल्कनीच्या ग्रिलला मात्र बांधू देऊ नये. आमच्याकडे तसे केले होते आणि वारा सुटला की चित्र फुटू लागे. गच्चीच्या पक्क्या भिंतीवर बोल्टने बसवल्यावर तो त्रास गेला.

नारायण पेठ

केबलची बाजू कोणीच मांडलेली नाही, म्हणून लिहितो. आपले धूसर चित्र केबलमुळे नसून एसडी (कमी स्पष्टतेच्या) वाहिन्यांमुळे असण्याची शक्यता अधिक आहे. एसडी आणि एचडी या स्वतंत्र वाहिन्या असतात, त्यांचे दर वेगळे असतात, आणि फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाला वाहिन्या सुट्या निवडता येतात. केबलचालकाकडे एचडी बॉक्स मागून महिनाभर पाहावे. नेटवर्क क्षमता शुल्कावरची (वाहिन्यांच्या दरांखेरीज जोडणीसाठी द्यावे लागणारे मासिक शुल्क) कमाल मर्यादा ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने जुलै २०२४ मध्ये काढून टाकली असल्याने दर महिन्याचा एकूण आकडा प्रत्येकाकडे लेखी मागून मगच तुलना करावी.

केबलची खरी अडचण विजेची आहे. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही केबल बंद पडते, कारण गल्लीतील अ‍ॅम्प्लिफायरला वीज नसते. घरापर्यंत आलेल्या फायबरला मात्र वाटेतल्या स्प्लिटरसाठी वीज लागतच नाही, म्हणून राउटर आणि त्याआधीची फायबरची पेटी, अशा दोन्ही गोष्टी इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्याव्यात.

कोथरूडकर

सर्वांचे आभार. आज गच्चीवर जाऊन पाहिले. आग्नेयेला थोडे मोकळे आकाश आहे, पण थेट पूर्वेला नवीन इमारतीचा सांगाडा उभा राहत आहे, त्यामुळे ८३ किंवा ८८ अंशांवरील सेवाच विचारात घेईन. सिनेमांसाठी ब्रॉडबँड आणि क्रिकेट व मालिकांसाठी एचडी डीटीएच असे ठरवतो. आई-बाबांच्या खोलीतही टीव्ही आहे, त्यासाठी दुसरा बॉक्स लागेल का? आणि गिलाव्याआधी भिंतीतून काय टाकून घ्यावे?

बावधनचा श्रोता

दोन्हीकडे वेगवेगळ्या वाहिन्या पाहायच्या असतील तर दुसरा बॉक्स लागेलच. कंपनीला पहिल्याच दिवशी दोन टीव्हींची जोडणी सांगावी आणि गच्चीवरून दोन स्वतंत्र आरजी-६ (डिशचा सिग्नल आणणाऱ्या) वायरी उतरवून घ्याव्यात, कारण नंतर मध्येच जोड दिला की सिग्नल कमी होतो.

भिंतीत वायर थेट पुरू नये. रुंद पीव्हीसी पाइप टाकावा, वळणे मोठी ठेवावीत आणि आत ओढदोरी सोडून द्यावी, म्हणजे पुढे वायर बदलता येते. राउटरपासून टीव्हीच्या जागेपर्यंत दोन कॅट-६ (इंटरनेटच्या) वायरी घ्याव्यात, वाय-फायच्या भरवशावर राहू नये. रिसीव्हर टीव्हीच्या खालीच असेल तर साधी एचडीएमआय पुरते. तो खोलीच्या मागच्या बाजूस ठेवणार असाल आणि वायर दहा मीटरच्या पुढे जात असेल, तर ऑप्टिकल एचडीएमआय (वर सांगितलेल्या ऑप्टिकल केबलहून वेगळी) घ्यावी. तिला दिशा असते, तेव्हा 'सोर्स' लिहिलेले टोक रिसीव्हरकडे आहे याची खात्री पाइपमधून ओढण्याआधीच करावी. एआरसी वापरायची असेल तर ती वायर एआरसीला चालते असे खोक्यावर लिहिलेले आहे का, तेही दुकानातच वाचून घ्यावे.