बोरिस कार्लॉफ आणि भयपटवेडे: काय करता, कसं करता? (अनुभव धागा)

२३ नोव्हेंबर हा भयपटांतला नट बोरिस कार्लॉफ याचा जन्मदिवस (१८८७, लंडन). 'फ्रँकेनस्टाईन' (१९३१) मधला राक्षस आणि 'द ममी' (१९३२) मधली जिवंत होणारी ममी इम्होटेप या दोन भूमिकांनी त्याला अजरामर केलं. त्याचे चाहते नुसते सिनेमे बघून थांबत नाहीत. तो चेहरा स्वतःच्या तोंडावर चढवतात, प्रती ताडून बघतात, पोस्टरं जमवतात. 'काय अभिनय होता!' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. काय लागतं, कसं करायचं, कुठे फसतं ते लिहा.

रंगभूषा

'फ्रँकेनस्टाईन'चा रंगभूषाकार जॅक पियर्सने १९३१ मध्ये राक्षसासाठी तयार मुखवटा वापरलाच नव्हता. कापूस आणि कलोडियनचे (वाळून कडक पापुद्रा होणारं चिकट द्रव) थर देत कपाळ रोज नव्याने उभं केलं जायचं, त्याला चारेक तास लागायचे. गाल आणि तोंड मोकळं राहिलं, म्हणून तर त्या चेहऱ्यावर भाव दिसतात. हौशी मंडळी नेमका सगळा चेहरा झाकतात. झाकायचं ते भुवयांच्या वरचं.

कलोडियनच्या वाटेला जाऊ नका. त्यात ईथर असतं, पेट घेतं, शिवाय कातडी आवळून धरतं. द्रव लेटेक्स (रबराचा चीक) घ्या. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून २४ तास बघा. पुरळ आलं तर लेटेक्स रद्द.

भुवयांवर आधी ओला साबण घासून त्या चप्प बसवा, नाहीतर रात्री रंग काढताना त्याही जातात. टकलाची टोपी बसवून कडा स्पिरिट गमने (रंगभूषेचा डिंक) चिकटवा. माथ्यावर १२ मिमी फोमचा लंबगोल तुकडा, म्हणजे डोकं सपाट दिसतं. मग कापसाचा इतका विरळ पापुद्रा काढा की पलीकडून बोटं दिसली पाहिजेत. लेटेक्स, कापूस, पुन्हा लेटेक्स. असे चार-पाच थर, प्रत्येक थर ड्रायरच्या गार हवेने पूर्ण वाळवून. घाईत एकच जाड थर दिला की वरून सुकतो, आत ओला राहतो आणि दिव्यांच्या उष्णतेत घाम आला की कपाळ लोंबायला लागतं. कडेचा कापूस कात्रीने कापू नका, बोटांनी ओढून विरळ करा; कापलेली रेघ तिसऱ्या रांगेतूनही दिसते.

रंग एरंडेल तेलावर आधारलेला हवा. खनिज तेलाच्या रंगाने लेटेक्स खराब होतं. पापण्यांवर लेटेक्स अजिबात नको. पियर्सने त्या मेणाने जड केल्या होत्या (सूचना खुद्द कार्लॉफची), पण आपल्याकडच्या उकाड्यात मेण ओघळून डोळ्यात उतरतं. करड्या-तपकिरी छटेवर भागवा. गालाचा खळगाही तसाच. कार्लॉफने दातांचा ब्रिज (बसवलेले कृत्रिम दात) काढून ठेवला होता, तेवढी हौस कोणी करू नये.

छायाचित्रण

वरच्या रंगात एक भर. तेव्हाचा रंग हिरवट-राखाडी होता तो कृष्णधवल फिल्मवर प्रेतासारखा फिका उमटावा म्हणून. मोबाइलवर रंगीत फोटो काढला तर नुसतं हिरवं बाहुलं दिसतं. फोटो कृष्णधवल करताना नुसती रंगछटा शून्यावर आणू नका. फोटो-संपादनाच्या अ‍ॅपमधल्या चॅनल मिक्सरमध्ये (प्रत्येक रंगाचं प्रमाण वेगळं बदलायची सोय) लाल खाली, हिरवा वर. हिरवट कातडी उजळते, ओठ काळे पडतात. प्रकाश समोरून नको, वरून आणि थोडा बाजूने, म्हणजे कपाळाच्या कड्याची सावली डोळ्यांवर पडते.

बूट आणि चाल

मूळ बूट रस्त्यावर डांबर पसरणाऱ्या कामगारांचे, चांगलेच वजनदार. आपण घोट्याच्या वर लेस असलेल्या बुटाला फोमचे थर लावून ३ इंच उंची द्यावी. तळवा बुटापेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा इंच रुंद ठेवा, अरुंद ठेवला की घोटा मुरगळतो. कोटाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर कापा, हात लांब वाटतात. वजनामुळे चाल आपोआप जड होते. हात पुढे ताणून चालण्याची गरज नाही. १९३१ च्या सिनेमात तो तसा चालत नाही.

ममीवाल्यांसाठी, थोडक्यात

गॉज पट्ट्या फाडायच्या, कापायच्या नाहीत. कडक चहात भिजवून वाळवा, मुलतानी माती चोळा. पट्ट्या अंगावर गुंडाळण्यापूर्वीच सुटी माती झटका, नाहीतर नाकातोंडात जाते. ओल्या राहिलेल्या पट्ट्या वाळताना आवळतात, त्यामुळे छातीवर सैल ठेवा. आणि नैसर्गिक विधीची सोय आधी करा!

घरचा खेळ

'फ्रँकेनस्टाईन' साधारण ७० मिनिटांचा आहे. प्रत तपासायची तर तळ्याकाठचा प्रसंग बघा. राक्षस मुलीकडे हात नेतो तिथेच दृश्य तुटलं तर ती जुनी कापलेली प्रत. मुलगी पाण्यात पडताना दिसली तर पूर्ववत केलेली. गंमत म्हणजे कापल्यामुळे प्रसंग सौम्य न होता जास्तच भयंकर वाटायचा, कारण बघणारा नको ते कल्पून घेई. टीव्हीवर 'झूम' बंद ठेवा. चित्र जवळजवळ चौरस आहे, ताणलं की सपाट माथाच कापला जातो. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद. शीर्षकं सोडली तर पार्श्वसंगीत नाही. शांतता आली म्हणून आवाज वाढवू नका, पुढच्या किंकाळीला शेजारी येतील.

पोस्टर

त्या काळचं 'वन शीट' (सिनेमागृहात लावायचं ठरावीक मापाचं) पोस्टर २७ × ४१ इंच आणि घडी घालून पाठवलेलं असे. घडी नाही, कागद चकचकीत आणि माप २७ × ४०, तर ते नंतरचं छापलेलं. 'रिअलआर्ट' (जुने सिनेमे पुन्हा प्रदर्शित करणारी कंपनी) हे नाव दिसलं तर पुनर्प्रदर्शनाचं. तेही जुनंच, पण भाव १९३१ चा देऊ नका.

वंशावळ

सयामच्या (आजचं थायलंड) दरबारात शिकवणारी अ‍ॅना लिओनोवेन्स ही कार्लॉफच्या आजीची बहीण, आणि तिचा जन्म १८३१ चा, अहमदनगरचा. स्वतः मात्र ती वेल्सची असल्याचं सांगे. शोधायचं असेल तर कार्लॉफ नावाने काही हाती लागणार नाही. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, आईचं माहेर मिलार्ड, आजीचं एडवर्ड्स. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा-विवाहांच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या 'एन/३' मालिकेत आहेत. नोंद बाप्तिस्म्याच्या तारखेची असते, म्हणून जन्मवर्षाच्या पुढची दोन-तीन वर्षंही चाळा आणि आडनावाची स्पेलिंगं बदलून बघा.