उत्तर: डिस्क एन्क्रिप्टेड असताना कॉन्फिडेन्शियल व्हीएम कशाला?

भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे. व्हीएम म्हणजे खऱ्या सर्व्हरवर (होस्टवर) चालणारा आभासी संगणक (गेस्ट), आणि कॉन्फिडेन्शियल व्हीएम म्हणजे जिची रॅम होस्टपासूनही लपवलेली असते ती. पण डिस्कचं कुलूप सर्व्हर बंद असताना कामाचं. चालू साध्या व्हीएमची रॅम होस्टचा रूट (सर्वाधिकारी) वापरकर्ता सरळ वाचू शकतो, किल्लीसकट.

आमच्या नागपूरच्या सर्व्हर रूममध्ये केव्हीएमवर (लिनक्समधली व्हीएम चालवणारी यंत्रणा) एएमडीचं एसईव्ही-एसएनपी, म्हणजे प्रोसेसरनेच व्हीएमची रॅम एन्क्रिप्ट करायचं तंत्र, चालवून पाहिलं. त्याला होस्टच्या बाजूचा आधार मूळ लिनक्समध्ये ६.११ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून आहे. त्याआधी पॅच लावत बसावं लागे. माझी अख्खी दुपार बायोसने खाल्ली. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत मी सेटिंग शोधतोय! आरएमपी टेबलचं कव्हरेज चालू करायचंच राहिलं होतं. या टेबलात रॅमच्या ४ केबीच्या प्रत्येक पानाचा (तुकड्याचा) मालक नोंदलेला असतो, नोंद १६ बाइटची. म्हणजे २५६ जीबी रॅमला १ जीबी तिथेच गेली. तेवढी मोजून ठेवा.

गेस्टच्या डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या अंतर्गत नोंदींत) ‘एसईव्ही एसईव्ही-ईएस एसईव्ही-एसएनपी’ ही ओळ दिसली की लोक खूश होतात. थांबा राजेहो! लबाड होस्टला ती ओळ खोटीही दाखवता येते. प्रोसेसरच्या किल्लीने सही केलेला अटेस्टेशन रिपोर्ट (व्हीएम खरी असल्याचा दाखला) होस्टबाहेर तपासा, त्यातलं मेजरमेंट (सुरू झालेल्या व्हीएमचा ठसा) जुळलं तरच डिस्कची किल्ली गेस्टला द्या. ही पायरी गाळायची असेल तर साधी व्हीएमच बरी.

लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या होस्टवर हलवणं) मात्र विसरा. होस्टच्या देखभालीला व्हीएम बंदच करावी लागते, आम्ही रविवारी पहाटे करतो. आणि होस्टने व्हीएम मारून टाकली तर त्यावर एसएनपीकडे इलाज नाही.